नावाची नोंद आणि नावावरची नोंद : पेण-रोह्यातील कातकरी व वंशभेदाची घडण

वंशभेद म्हटला की मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर बहुधा परदेश उभा राहतो, आणि तोही एखाद्या द्वेष्ट्या माणसाच्या रूपाने. ही कल्पना अपुरी आहे. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या १९९३ मधील खुनाच्या तपासाची चौकशी करून मॅकफर्सन यांनी १९९९ मध्ये लंडनच्या पोलीस दलावर 'संस्थात्मक वंशभेदा'चा ठपका ठेवला. कोणी जाणूनबुजून द्वेष केला नाही, तरी संस्थेच्या कार्यपद्धतीतून आणि रुळलेल्या समजुतींतून भेद घडतो, हे त्या निष्कर्षाचे मर्म होय. २०१८ मध्ये गाजलेल्या विंडरश प्रकरणाने त्याला पुष्टी दिली. अनेक दशकांपूर्वी कॅरिबियन वसाहतींतून रीतसर येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्यांकडे वास्तव्याचा पुरावा मागण्यात आला. त्यांच्या आगमनाची कार्डे मात्र गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केलेली होती.

ज्या साम्राज्याच्या कारभारात ही रीत मुरली, त्यानेच कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडचे, दप्तर घडविले. पेण व रोहे या तालुक्यांतील कातकऱ्यांची स्थिती त्या दप्तराच्या भाषेतून तपासली, तर एक विसंगती ठळकपणे दिसते. गेल्या दीडशे वर्षांत कातकऱ्याच्या नावाची नोंद पुष्कळ झाली. त्याच्या नावावर नोंद मात्र क्वचितच झाली.

'कातकरी' हे नाव व्यवसायवाचक आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. 'काथोडी' हा त्याचाच पर्याय. १८७८ च्या वनकायद्याने जंगलावरील सरकारी ताबा पक्का झाला आणि कातकऱ्याचा खैर परका झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारी इतक्या वाढल्या की, १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. व्यवसाय गेला, नाव राहिले. आणि अर्थ हरवलेले ते नाव पुढे केवळ जातीची खूण बनले. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात हुतात्मा झालेले नाग्या महादू हेही इतिहासात 'नाग्या कातकरी' म्हणूनच नोंदले गेले आहेत.

१८८३ चे कुलाबा गॅझेटियर हा आजही अभ्यासकांचा पहिला आधार. त्यातील माहितीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो वाक्यरचनेवर. जातिजमातींची वर्णने तेथे एका साच्यातून निघतात : रंग, बांधा, घर, आहार, पेय, स्वभाव. कर्ता अनेकवचनी, क्रियापद रीतिवर्तमानात. 'अमुक लोक दारू पितात' आणि 'जंगल बंद झाल्यावर त्या वाडीचा धंदा बसला', या दोन वाक्यांतील भेद केवळ काळाचा नाही. पहिल्यात इतिहास स्वभावात विरघळून जातो. दुसऱ्यात कारण शिल्लक राहते.

व्याकरणातील ही 'रीत' कायद्यात 'सवय' म्हणून अवतरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा हा संपूर्ण जमातीचा स्थायी धर्म मानला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. त्याने जमातीच्या जागी व्यक्ती आणली, 'सवय' ही कोटी मात्र राखली. सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. एका रकान्याचे आयुष्य किती दीर्घ असते, याचे हे उदाहरण पुरेसे आहे.

हा वंशभेद नव्हे, जातिभेद होय, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींना वंशांच्या उतरंडीत बसविण्याचा खटाटोप केला. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तशाच मापांचा आधार घेऊन अस्पृश्यतेचे वांशिक मूळ नाकारले. वंशाची कल्पना शास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही. जन्मावरून माणसाचा स्वभाव व पात्रता ठरविण्याची रीत मात्र उरली.

तिचा आजचा पुरावा भूमिअभिलेखात आहे. अनेक कातकरीवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पिढ्यान् पिढ्यांचे घर सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी दिसत नाही. डोंगरउतारावरील दळी जमिनींत कातकरी नाचणी-वरी पिकवीत आला, पण हक्क वनखात्याच्या मर्जीवर राहिला. पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर वा कोळसाभट्टीवर जाणे भाग पडते. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने संपविली, तरी उचलीचा हिशेब मालकाच्याच वहीत असतो. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राविषयी शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. शेतकरी चळवळीचे ते मोठे यश होते. तथापि कौल खातेदारांचा होता. ज्याचे खातेच नाही, त्याच्या मताचा प्रश्नच उद्भवला नाही. येथे कोणीही कातकऱ्याचा द्वेष केला नाही. रचनेचे बळ ते हेच.

शासनाने 'आदिम' हे विशेषण २००६ मध्ये बदलून 'विशेष असुरक्षित' असे केले. असुरक्षितता हा जमातीचा गुण नसून तिच्यावर ओढवलेली अवस्था आहे. नवे विशेषणही ही गोष्ट झाकूनच ठेवते. त्याहून महत्त्वाचा बदल २००६ च्याच वनहक्क कायद्याने घडविला. त्याच्या १३ व्या नियमानुसार दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखनिविष्ट केलेले कथन हा पुरावा ठरतो. ज्याला कागद मिळू दिला नाही, त्याचे बोलणे प्रथमच कागदाच्या पंक्तीत बसले.

येथे भाषाशास्त्राची जबाबदारी सुरू होते. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडात कातकरी बोली नमुना म्हणून आली. आता ती साक्ष म्हणून यायची आहे. वृद्ध कातकऱ्याचे कथन कार्यालयीन मराठीत उतरताना 'आम्ही हे रान कसले' याचे 'अतिक्रमण केले' असे रूपांतर झाले, तर नियम पाळला जाऊनही हक्क बुडेल. विद्यापीठीय संशोधनाने या रूपांतराचा अभ्यास हाती घेतला, तर नावाची नोंद आणि नावावरची नोंद यांतील अंतर काही अंशी तरी कमी होईल.