जनुक ‘हरवलं’ असं कधी म्हणावं?

आज विषय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीचा, पण जरा टीकेच्या अंगाने.

या विषयावर वाचताना आपल्याला दोन शब्द सारखे भेटतात: ‘आदिम’ आणि ‘हरवलेलं’. पहिला सरळ टाकून द्यावा, असं आमचं मत आहे. पाल काय नि आपण काय, दोघांच्याही मागे उत्क्रांतीचा काळ सारखाच आहे. दुसऱ्या शब्दाची मात्र झडती घ्यायला हवी.

कारण ‘सापडलं नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक आहे. पक्षी म्हणजे मगरींचे जवळचे नातेवाईक. कोंबडीच्या जीनोमचा मसुदा २००४ मध्ये आला, तरी टीएनएफ-अल्फा हे दाहक्रियेतलं महत्त्वाचं जनुक काही दिसेना. पक्ष्यांनी ते गमावलं, असंच बरीच वर्षं मानलं गेलं. २०१८ मध्ये ते सापडलं! जीनोमच्या वाचायला अवघड अशा भागात ते बसलं होतं.

आता दुसरी बाजू. शार्कपासून माणसापर्यंत गॅमा-डेल्टा नावाच्या टी-पेशी आहेत. पाली, सरडे, सापांत नाहीत. २०२२ च्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियातल्या एका सापसुरळीची तुलना न्यूझीलंडच्या तुआताराशी केली गेली. तुआतारा हा पाली-सापांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक, आणि त्याच्याकडे या पेशींची जनुकं आहेत. सापसुरळीत मात्र जीनोमचे ते मोठे तुकडेच गळालेले दिसले. हा पुरावा आम्हाला पटतो, कारण इथे नुसता अभाव नाही, कापल्याची जागा दाखवली आहे.

मग उरलेल्या अल्फा-बीटा टी-पेशींनी ती उणीव भरून काढली असेल, असं आपल्याला लगेच वाटतं. पण त्यांची जनुकं काही जास्त गुंतागुंतीची झालेली दिसली नाहीत. म्हणजे सोयीची गोष्ट इथे अडते. तरी हे प्राणी जगभर मजेत नांदताहेत. तेव्हा ‘हरवलं’ म्हणजे ‘दुबळं झालं’ हा अर्थ आपण पदरचा घालतो.

आमची तक्रार ‘सरपटणारे’ या एका शब्दावरही आहे. २०११ मध्ये हिरव्या अ‍ॅनोल सरड्याचा जीनोम आला आणि पुष्कळदा तो एकटाच सगळ्यांच्या वतीने बोलू लागला. मगर आणि कासव त्या रांगेत बसत नाहीत. मगर तर सरड्यापेक्षा कोंबडीला जवळची.

म्हणून पुढच्या वेळी ‘सरपटणाऱ्यांत अमुक जनुक नाही’ असं वाचलंत, तर एवढं विचारा: कुठल्या प्रजातीत? आजूबाजूची जनुकं जागेवर आहेत का? आणि जवळच्या नातेवाइकाकडे काय आहे?

आता प्रश्न घेऊ.