टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग

चाकणच्या शॉपफ्लोअरवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. पार्ट पास की रिजेक्ट, हे ड्रॉइंगवरून ठरतं. त्यावर माप असतं आणि मापाशेजारी टॉलरन्स असतो. कारण दोन तुकडे हुबेहूब सारखे निघत नाहीत, हे ड्रॉइंग काढणाऱ्याला मान्य असतं. बाईच्या देहाचं जे ड्रॉइंग आपण घरोघर लावून ठेवलंय, त्यावर टॉलरन्सच नाही. ते आलं कुठून, एवढंच आज बघू.

पिंपरीहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. जवळच कार्ल्याची लेणी आहेत. तिथली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची दंपतीशिल्पं पाहा. बाई भरदार अंगाची, रुंद कमरेची, पुरुषाच्या बरोबरीनं उभी. याच मळवलीत राजा रविवर्मांचा छापखाना होता. 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे इथं आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरात गेल्या, भिंतींवर गेल्या. देवीचा रंग गोरा, हे घराघरात ठसलं. अंग मात्र तेव्हाही भरलेलंच होतं. आज चिंचवडच्या होर्डिंगवरची मुलगी गोरी तर आहेच, शिवाय काटकुळी. मापं अशी बदलत आली आहेत. मग त्यांना निसर्गाचा नियम कसं म्हणायचं?

बाजाराकडे वळू. 1975 मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. 2020 मध्ये नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. शब्द बदलला, आरशापुढची शंका तीच राहिली. ती मिटली तर ट्यूब घेणार कोण? पण सगळं कंपनीवर ढकलून आपण सुटत नाही. देहू-आळंदीहून निघालेल्या वारीत आपण सावळ्या विठोबासाठी नाचतो, आणि स्थळ बघताना विचारतो, "मुलगी रंगानं कशी आहे?" हा प्रश्न कुठल्या जाहिरात एजन्सीनं लिहून दिलेला नाही.

आपल्यावर कायम नजर आहे असं वाटलं, की कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो, असं मिशेल फूको यांनी दाखवलं. सँड्रा बार्टकी यांनी तो विचार स्त्रीच्या देहाला लावला. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यानं तो पुरा केला. मुलगी स्वतःच पार्ट आणि स्वतःच इन्स्पेक्टर.

याची किंमत रक्तात मोजावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा राज्यात लाइनवर आठ तास उभी राहणारी पोरगी बारीक दिसायला अर्धा डबा परत नेत असेल, तर तिला हौस म्हणू नका.

'प्रत्येक देह सुंदर' ही घोषणा मला अपुरी वाटते. तिथंही पासच व्हायचं असतं, फक्त मार्क सढळ. देह काम करतो, थकतो, हसतो, आजारी पडतो. त्यानं सुंदर असलंच पाहिजे, हा आग्रह कशाला? सुरुवात घरातून होईल. भाची दारात आली की "जाड झालीस गं" हे आपलं पहिलं वाक्य असतं. ते गिळून टाका आणि "जेवलीस का?" असं विचारा.

इथं थांबतो.