वाचणाऱ्यास उद्देशून

दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा, कोरीव लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या शेवटी जे मराठी वाक्य आहे त्याचा अर्थ असा, की जो हे वाचील तो विजयी होईल.

हा लेख आद्य, की अलिबागजवळील आक्षीचा शके 934 चा आद्य, हा वाद विद्वानांचा. (आक्षीच्या शकाविषयीही मतभेद आहेतच.) मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने त्यात पडू नये. मला त्या वाक्याकडे केवळ वाक्य म्हणून पाहावयाचे आहे. त्या काळी वाचू शकणारे पंचक्रोशीत कितीसे असतील? तरीही कोरवून घेणाऱ्याने वाचक गृहीत धरला आणि त्याचे भले चिंतिले. आम्ही लेखक प्रस्तावनेत वाचकापुढे हात जोडतो खरे. पण त्याला काही द्यावे असे आमच्या मनात क्वचितच येते.

आक्षीच्या शिळेचा स्वर निराळा. ती दानाची शिळा आहे, गधेगाळ. अशा शिळांवर सहसा वर सूर्यचंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली, दान मोडील त्याच्यासाठी, गाढवाची शिवी चित्रात कोरलेली असते. अक्षरशत्रूलाही ती वाचता यावी. रचना म्हणून ही पक्की आहे. परंतु गुन्हा पुरुषाचा आणि विटंबना त्याच्या आईची, हे मला सलते, आणि ते जुने आहे म्हणून मी ते गोड मानणार नाही. एवढे मात्र खरे, की तो दगड आधी काय दिले ते सांगतो आणि मगच शाप देतो.

आता संरक्षित वास्तूंपुढील निळ्या पाटीकडे या. आमच्या शाळेची सहल एकदा अशा पाटीपुढे थांबली. चौथीतील एका मुलीने ती मोठ्याने वाचली. 1958 च्या कायद्यान्वये नासधूस करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड होता. 2010 च्या दुरुस्तीने तो दोन वर्षे आणि एक लाख रुपयांपर्यंत गेला. वाचून झाल्यावर तिने विचारले, "गुरुजी, आपण काय केलं?" वास्तू कोणाची, कशासाठी बांधली, याविषयी त्या पाटीवर अक्षर नव्हते. पाटी लिहिणाऱ्यापुढे वाचक नव्हता, संशयित होता. दगडांवर बदाम आणि नावे कोरणारे मीही पाहिले आहेत; दंड नसावा असे मी म्हणणार नाही. पण संबंध मजकूर तेवढाच असावा काय?

हे सारे लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. गेल्या वर्षी आमच्या गावच्या वीरगळासाठी मजकूर लिहिण्याचे काम ग्रामपंचायतीने माझ्याकडे दिले. शेंदराची पुटे काढल्यावर तीन चौकटी दिसल्या: तळाशी लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर. लेख कोठेच नाही. सरपंचांना नाव हवे होते. "तुम्ही कादंबरीकार, तुम्हाला नावाचा काय तोटा?" मोह झाला, खोटे का बोला! एका रात्री मी त्याला नाव दिले, शक दिला, शत्रूही दिला. परिच्छेद उत्तम उतरला होता. सकाळी शाळेत जाताना त्या दगडाशी थांबलो आणि तो कागद खिशातच ठेवला.

अखेर तीन वाक्ये लिहिली. दगड खालून वर वाचावा. गुरे किंवा गाव राखताना पडलेल्या माणसांचे असे दगड उभारीत. याचे नाव कोणास ठाऊक नाही.

सरपंचांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "ठीक आहे गुरुजी. पण दंडाचं?"

रंगाऱ्याने ती ओळ खाली, लाल अक्षरांत, माझ्या तिन्ही वाक्यांहून मोठी काढली आहे.