आतला लाल

फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातल्या पोयाक गावची ‘शातो मुताँ रोथशिल्ड’ ही वाइन. तिच्या 2009 सालच्या बाटलीवरचं चित्र मुंबईत जन्मलेल्या एका माणसाचं आहे: अनिश कपूर. गुआश रंगातलं चित्र, छापून लेबलाच्या वरच्या भागात बसवलेलं, तळहातावर सहज मावेल एवढं. त्यात द्राक्षांचा घोस नाही, पेला नाही, नाचणारी माणसं नाहीत. नुसता लाल. कुठे काळपटाकडे गेलेला, कुठे निखाऱ्यासारखा पेटलेला. खाली साल आणि घराण्याचं नाव, आणि काम संपलं.

पहिल्या नजरेत ‘यात काय केलं?’ असं वाटणारच. लाल वाइनच्या बाटलीवर लाल रंग, यापेक्षा सोपी कल्पना कुठली? पण बाटली हातात घेतल्यासारखं करून पाहा. काच गडद हिरवी असते, कारण उजेडाने वाइन बिघडते. म्हणजे जिच्या रंगाचे एवढे गोडवे गातात ती वाइन ओतेपर्यंत दिसतच नाही. बाटली दिसते जवळजवळ काळी. त्या काळ्यावर कपूरांनी हा लाल ठेवला आहे, तोही सपाट नाही. नजर आत ओढून घेणारा. काचेवर चिकटवलेला कागद पाहताना काचेला भगदाड पडून आतलं दिसू लागल्याचा भास होतो. लेबल हा बाटलीचा सगळ्यात बाहेरचा भाग. तिथेच त्यांनी आतला भाग आणून मांडला.

हे त्यांना सहज सुचलं असणार, कारण आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलेलं नाही असं म्हटलं तरी चालेल. पोकळी, भोक, आत-बाहेर यांचा घोळ. सत्तरच्या दशकात ते लंडनला शिकायला गेले. 1979 मध्ये भारतात येऊन परतले आणि कोरड्या रंगभुकटीच्या राशी मांडू लागले. देवळाबाहेरच्या गुलाल-कुंकवाच्या ढिगांशी त्यांचं नातं आपल्याला सांगावं लागत नाही. 2009 मध्ये, म्हणजे ही द्राक्षं वेलीवर पिकत होती त्याच वर्षी, लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांचं ‘स्वयंभ’ मांडलेलं होतं: लाल मेणाचा अजस्र ठोकळा रुळांवरून सरकत दारांच्या चौकटींमधून जातो आणि चौकटीच त्याला आकार देतात, वाटेत सगळीकडे लाल माखून. पुढच्या वर्षी वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्यांची तोफ आली. माणूस तोफेत लाल मेणाचा गोळा भरतो, धडाका होतो, मेण कोपऱ्याच्या भिंतीवर जाऊन आदळतं आणि तिथेच थापलं जातं. त्या भिंतीजवळ उभं राहून आलेल्यांना हे लेबल परकं वाटणार नाही. तोच लाल, फक्त इथे आवाज नाही आणि जागा बोटभर. मला विचाराल तर या बोटभर जागेनं त्यांचं भलंच केलं. त्यांची काही अवाढव्य कामं आकारानेच दिपवतात. इथे दिपवायला वावच नव्हता.

लेबलावर चित्रकाराचं चित्र छापायची मुताँची प्रथा जुनी आहे. तरुण बॅरन फिलिप दे रोथशिल्डनी 1924 मध्ये ठरवलं की वाइन पिंपांतून व्यापाऱ्यांकडे न पाठवता आपल्याच आवारात बाटलीबंद करायची. म्हणजे बाटलीवर आपली खूण हवी. जाँ कार्ल्यू या जाहिरात-चित्रकाराने घनवादी वळणाचं लेबल केलं. ते काळाच्या पुढचं ठरून मागे पडलं. महायुद्ध संपल्यावर 1945 च्या बाटलीवर विजयाचा मोठा इंग्रजी ‘व्ही’ आला आणि तेव्हापासून, थोडे अपवाद सोडले तर, दर वर्षी नवा चित्रकार. ब्राक, दाली, शागाल, वॉरहॉल. मानधन पैशांत नाही, वाइनच्या पेट्यांत.

यातली बरीच लेबलं म्हणजे मोठ्या नावाची सही, एवढंच. 1975 चं वॉरहॉलचं लेबल पाहा: बॅरनचाच चेहरा. यजमानाला खूश करणारं, वॉरहॉलला साजेसं, पण बाटलीशी त्याचं काही देणंघेणं नाही. 1973 वर पिकासोंचं चित्र आहे, मद्योत्सवाचं. चित्र सुंदर, पण ते 1959 मधलं, त्यांच्या निधनाच्या वर्षी श्रद्धांजली म्हणून लावलेलं. कपूरांचं लेबल बाटलीवरून काढून भिंतीवर टांगलं तर त्याचं निम्मं बळ जाईल. हीच त्याची खरी पावती.

आपल्याकडे चित्रकाराच्या लेबलाची ही गोष्ट अजून रुजायची आहे. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन 2000 सालची. तिच्यावरचा मिशाळ सूर्य आता भाईंदरच्या दुकानदारालाही लांबून ओळखू येतो, पण तो बोधचिन्ह आहे, दर वर्षी बदलणारं चित्र नव्हे. ग्रोव्हर झम्पाने आपल्या ‘आर्ट कलेक्शन’ बाटल्यांवर भारतीय चित्रकारांची चित्रं छापली. कल्पना चांगली, पण चित्रकाराचं नाव विचारून बाटली घेणारं गिऱ्हाईक अजून तरी माझ्या पाहण्यात नाही. भाईंदरजवळच्या आमच्या मोरव्यापासून पुढे डोंगरी-उत्तनला गेलं की नाताळची घरगुती वाइन मिळेल त्या जुन्या बाटलीत भरलेली दिसते. तिला लेबलच नसतं. कोणाच्या घरची, एवढं विचारलं की झालं.

मुताँच्या बाटल्यांचे संग्राहक मात्र वेगळ्याच पेचात असतात. 1993 चं बाल्थुसचं लेबल, एका नग्न मुलीचं पेन्सिलचित्र, अमेरिकेत आक्षेपार्ह ठरलं; तिथे चित्राची जागा कोरी सोडून बाटल्या विकल्या. आता संग्राहकांना दोन्ही हव्या असतात, चित्राची आणि कोरीही. शिवाय बूच सुकू नये म्हणून तळघरात ओल लागते आणि त्याच ओलीने लेबल डागाळतं, सुटतं. लिलावाच्या यादीत डागाचीही नोंद होते आणि किंमत उतरते. म्हणून हौशी लोक बाटलीला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून ठेवतात. आमच्याकडच्या मिठागरांच्या हवेत तर एका पावसाळ्यातच कपूरांचा लाल बाटलीपासून सुटायला लागेल, आणि वाइन मात्र आत निवांत मुरत राहील.