'फेज' जुळली, पण कोणाशी?

महागड्या लाउडस्पीकरच्या स्तुतीत 'फेज-कोहेरंट' हे विशेषण हमखास येते. या एका शब्दात दोन निराळे गुण मिसळलेले असतात, आणि समीक्षक ते क्वचितच वेगळे करतात.

1976 साली सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी मांडलेला, सहकारी रस रायली यांचेही नाव लागलेला क्रॉसओव्हर पाहू. त्याच्या चौथ्या श्रेणीत उतार ऑक्टेव्हमागे 24 डेसिबल असतो. वूफर आणि ट्वीटर प्रत्येक वारंवारतेला एकमेकांशी फेजमध्ये राहतात, म्हणून समोर बेरीज सपाट येते. पण त्या बेरजेची फेज खालच्या स्वरांकडून वरच्यांकडे जाताना 360 अंश फिरते. दोन भाऊ एकमेकांशी जुळले. मूळ तरंगाशी नव्हे. आत चौकोनी तरंग सोडला, तर बाहेर चौकोन उरत नाही.

पहिल्या श्रेणीचा, 6 डेसिबलचा उतार आदर्श स्थितीत तो आकार राखतो. किंमत मात्र मोठी: दोन्ही ध्वनींत 90 अंशांचे अंतर, ट्वीटरवर खालच्या स्वरांचा भार, आणि श्रोत्याने मान वरखाली केली की बिघडणारी बेरीज. 3000 हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 11 सेंटिमीटर असते!

कानाचा कौल? लिपशिट्झ, पोकॉक आणि व्हँडरकॉय यांनी 1982 साली दाखवले, की मध्यसप्तकातील फेजबदल ऐकू येतो. पण परिणाम सूक्ष्म असतो आणि घुमणाऱ्या खोलीत आणखी फिका पडतो.

म्हणून 'फेज जुळली आहे' एवढ्यावर लाखांची खरेदी ठरवू नये. कोणाशी जुळली आणि कशाच्या बदल्यात, हे न सांगणारी समीक्षा म्हणजे जाहिरातच.