शेतकरी कामगार पक्ष आणि दुरावलेला कष्टकरी मतदार : रेवदंडा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेत 2016 साली मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील गोऱ्या कामगारांनी आणि 2019 साली उत्तर इंग्लंडमधील जुन्या कामगारवस्त्यांनी मोठ्या संख्येने पुरोगामी पक्षांकडे पाठ फिरवली. हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य नाही. रेवदंडा ज्यात मोडते त्या अलिबाग विधानसभा मतदारसंघात 2019 व 2024 अशा सलग दोन निवडणुकांत शेतकरी कामगार पक्षाचा शिवसेनेकडून पराभव झाला. प्रस्तुत लेखात या दुराव्याच्या प्रचलित स्पष्टीकरणाची चिकित्सा केली आहे.

प्रचलित स्पष्टीकरणाच्या मर्यादा

भावनिक प्रचार व पैसा यांमुळे कष्टकरी मतदार वाहवत गेला, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यात तथ्यांश असला, तरी हे स्पष्टीकरण मतदाराला दोषी आणि पक्षाला निर्दोष ठरवते. याच मतदारसंघाने 2004 साली काँग्रेसचे मधुकर ठाकूर यांना निवडून दिले आणि 2009 साली पुन्हा शेकापच्या मीनाक्षी पाटील यांना कौल दिला. हा मतदार तोलून मापून मत देतो, असेच यावरून म्हणावे लागते.

यशातून आलेले रितेपण

या परिसरातील पुरोगामी राजकारणाचे मूळ नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील चरीच्या शेतकरी संपात (1933-39) आहे. संघर्ष खोत आणि कूळ यांच्यातला, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या दोन पक्षांतला होता. 1948 चा कुळकायदा, 1949 चा खोती निर्मूलन कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन यांनी कूळ मालक झाले. ज्या नात्यावर चळवळ उभी होती, ते नातेच तिच्या यशाने संपुष्टात आले. कुळाचा नातू आज कुंडलिका खाडीपलीकडील साळावच्या पोलाद कारखान्यात कंत्राटी कामाला जातो, मासेमारी करतो, पर्यटकांच्या निवासात राबतो किंवा वडिलोपार्जित जमीन विकतो. त्याच्यासमोर आता खोत नसून ठेकेदार व जमिनीचा दलाल आहे. पक्षाची भाषा मात्र बरीचशी कुळाचीच राहिली आणि नेतृत्वही प्रामुख्याने एकाच घराण्याभोवती फिरत राहिले.

उलट, वर्तमान प्रश्न हाती घेतला तेव्हा प्रतिसाद मिळाल्याचे दिसते. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या भूसंपादनविरोधी आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच वर्षअखेरीस देशभर काँग्रेसची लाट असतानाही दि. बा. पाटील कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. महामुंबई सेझविरोधी लढ्यातही एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वामागे शेतकरी एकवटले आणि 2008 साली पेण तालुक्यातील बावीस गावांत शासनाला जनमत अजमावावे लागले.

संपर्काचा प्रश्न

दुसरा मुद्दा सातत्याचा आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी सुरू केलेल्या दासबोध निरूपणाच्या बैठकांना याच कष्टकरी समाजातील असंख्य कुटुंबे वर्षानुवर्षे नेमाने जातात. तेथे त्यांना शिस्त, प्रतिष्ठा आणि परस्परांचा आधार मिळतो. पुरोगामी पक्षाने तिचे अनुकरण करावे, असे येथे सुचवायचे नाही. मात्र निवडणूक नसतानाही माणसे का जमतात, याचा अभ्यास त्याने करणे अगत्याचे आहे.

समारोप

कष्टकरी मतदार परत मिळवायचा, तर त्याला उपदेश करून भागणार नाही. कंत्राटी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, कोळीवाड्यांचे सीमांकन, मच्छीमाराचा डिझेल परतावा आणि जमीनविक्रीतील फसवणूक हे आजचे ‘खोती’चे प्रश्न आहेत. त्यांवर गावोगावी नियमित बसणारे कार्यकर्ते उभे करणे हे आघाड्यांच्या जागावाटपापेक्षा कठीण काम आहे. चरीचा संप सहा वर्षे टिकला, तो सभांतील भाषणांवर नव्हे. पीक सोडून उपाशी राहण्याची तयारी असलेल्या शेतकऱ्यांचा नेतृत्वावर विश्वास होता म्हणून. तो वारसा सांगणाऱ्या पक्षाने आधी हा विश्वास पुन्हा कमवायला हवा.