जॉन फोर्ड आणि वरिष्ठांची कीर्ती

सरहद्दीवरचे एक ठाणे, तेथे बदलून आलेला एक नाराज अधिकारी आणि त्याच्या हाताखाली त्या मुलखाची खडान्‌खडा माहिती असलेला दुसरा. एवढ्या भांडवलावर जॉन फोर्ड याने १९४८ साली ‘फोर्ट अपाची’ हा चित्रपट उभा केला. बदलीच्या नोकरीतील आमच्या वाचकांना ही माणसे अपरिचित वाटू नयेत.

फोर्ड (१८९४–१९७३) हा मेन राज्यातील एका आयरिश कुटुंबातला. थोरल्या भावापाठोपाठ तो १९१४ साली हॉलीवुडला गेला आणि १९१७ पासून स्वतः चित्रपट करू लागला. दिग्दर्शनाचे ऑस्कर चार वेळा मिळविणारा तो आजवर एकटाच. मात्र ज्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांनी त्याचे नाव झाले, त्यांपैकी एकासही ते मिळाले नाही, ही मौजच म्हणावयाची. दुसऱ्या महायुद्धात तो आरमारात होता आणि १९४२ साली मिडवेच्या लढाईचे चित्रण करताना जखमी झाला. लष्करी शिस्तीविषयीचा त्याचा आदर ऐकीव नव्हता, हे यासाठी सांगावयाचे की, या चित्रपटाचा सारा पेच त्या आदरातूनच निर्माण होतो.

कर्नल थर्सडे हा यादवी युद्धातला जनरल; पदावरून खाली उतरवून आडरानात धाडल्याचे शल्य त्याच्या मनात आहे. कॅप्टन यॉर्क आपल्या शब्दावर अपाचींचा नायक कोचीस याला मेक्सिकोतून परत आणतो. थर्सडे तो शब्द मोडतो, आणि यॉर्कने बजावूनही पलटण घेऊन सरळ खिंडीत शिरतो. पलटण कापली जाते. घायाळ थर्सडेला माघारी फिरता आले असते, पण तो आपल्या माणसांत जाऊन मरतो. त्याच्या मूर्खपणाइतकेच त्याचे धैर्यही खरे आहे, आणि फोर्ड दोहोंपैकी काहीच लपवीत नाही.

पुढे यॉर्क ठाण्याचा प्रमुख होतो. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी त्या चढाईच्या एका गौरवचित्राविषयी विचारतात, तेव्हा ते तंतोतंत खरे असल्याची ग्वाही तो देतो. खिडकीच्या काचेत कूच करणाऱ्या शिपायांचे प्रतिबिंब उमटते. येथे फोर्डने असत्याची तरफदारी केली, असे म्हणणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही. ज्याने दोन तास खरे काय ते दाखविले, तोच शेवटी खोटी साक्ष ऐकवितो. तेव्हा वार्ताहर फसतात, प्रेक्षक फसत नाही. ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) मध्येही त्याने हीच युक्ती योजिली. तेथे सत्य ऐकूनही संपादक ते छापीत नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. यॉर्कच्या साक्षीने पलटणीची अब्रू राहिली, पण दिलेला शब्द मोडला गेला होता तो कोचीसला; त्याच्या वतीने त्या खोलीत कोणी बोलत नाही. फोर्डला ही उणीव उमगली असावी. १९६४ साली ‘शायान ऑटम’मध्ये त्याने कथा त्या बाजूने सांगावयाचा प्रयत्न केला. परंतु शायानांच्या प्रमुख भूमिका बाहेरच्या नटांकडेच गेल्या. आणि मॉन्युमेंट व्हॅलीतले जे नवाहो लोक त्यात शायान म्हणून वावरतात, ते पडद्यावर आपली नवाहो भाषाच बोलतात.